विजेची शिदोरी

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तिवसा हे तालुक्याचे गाव लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी याच रस्त्यावर, याच तालुक्यात आहे. हमरस्ता सोडून थोडे आत वळले, की काळ्याभोर जमिनीची शेते दिसू लागतात. कोठे कापूस, कोठे तूर, कोठे सोयाबीन, तर कोठे संत्र्याची हिरवीगार बाग. दिवसा या शेतांत माणसांची वर्दळ असते. रात्री मात्र रानडुकरे आणि रोही पिकांत शिरतात व कित्येक महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवून टाकतात. म्हणून अनेक शेतकरी शेताभोवती तार ओढतात आणि धुऱ्यावर झटका यंत्र बसवतात. तारेला अंग लागताच जनावराला क्षणभर विजेचा झटका बसतो. त्याने ते मरत नाही. पण बिचकून माघारी फिरते.

हे यंत्र बॅटरीवर चालते. बॅटरीच्या वर, खांबाला एक काळसर, चकचकीत पाटी उन्हाच्या दिशेने कललेली असते. गावातील लोक तिला सोलर प्लेट म्हणतात. पुस्तकात तिला सौरपटल असे नाव आहे. दिवसभर सौरपटलावर ऊन पडते, त्यापासून वीज उत्पन्न होते आणि ती बॅटरीत साठत जाते. रात्री सूर्य नसतो. पण दिवसा बांधून ठेवलेली ही विजेची शिदोरी उजाडेपर्यंत पुरते.

पीक घरात आले, की झटका यंत्राचे काम संपते. मग ते काढून घरी आणतात. जाणता शेतकरी बॅटरी पूर्ण भरून ठेवतो, आणि सौरपटल छपरावर उन्हात लावून बॅटरी त्याला जोडलेलीच राहू देतो. दुसरा कोणी यंत्र तसेच कोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकून देतो. पुढच्या हंगामात दोघेही आपापली यंत्रे बाहेर काढतात. पहिल्याचे यंत्र लगेच टकटक करू लागते; दुसऱ्याची बॅटरी मात्र कायमची निकामी झालेली असते. तिच्याकडून कोणी काम घेतले नव्हते, तिला कोणी हातही लावला नव्हता. मग ती मेली कशाने?

हा प्रश्न साधा वाटतो. पण वापरात नसतानाही न मरणारी बॅटरी बनवण्यासाठी एका मोठ्या संशोधकाने आपल्या आयुष्याची दहा वर्षे खर्ची घातली. त्याचे नाव थॉमस अल्वा एडिसन. विजेच्या दिव्याचा जनक म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. येथे त्याच्या चरित्राचा एक कमी सांगितला जाणारा भाग पाहावयाचा आहे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, मिलान नावाच्या लहान गावी झाला. आईवडिलांचे हे सातवे व शेवटचे अपत्य. तो सात वर्षांचा असताना हे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन या गावी राहावयास गेले. तेथे त्याला शाळेत घातले. परंतु त्याच्या प्रश्नांना अंत नसे आणि घोकंपट्टी त्याला जमत नसे. मास्तरांना तो मंदबुद्धी वाटला. हे ऐकून त्याच्या आईला फार वाईट वाटले. ती स्वतः पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलाला शाळेतून काढले आणि घरीच शिकवण्यास आरंभ केला. शाळेचा संबंध अवघ्या काही महिन्यांचा राहिला. पण आईने लावलेली वाचनाची गोडी जन्मभर पुरली. विज्ञानाचे एक पुस्तक हाती पडताच त्यातील प्रयोग स्वतः करून पाहण्याचा त्याला नाद लागला. घराच्या तळघरात बाटल्या, तारा आणि रसायने यांची दाटी झाली.

रसायनांना पैसे लागत. म्हणून वयाच्या बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. गाडी पोर्ट ह्यूरनहून सकाळी निघे व डेट्रॉइट शहरी जाऊन रात्री परत येई. मधला सगळा वेळ तो वाया जाऊ देत नसे. सामानाच्या डब्यात त्याने लहानशी प्रयोगशाळा मांडली. एक जुने छापयंत्र मिळवून स्वतःचे छोटे वर्तमानपत्रही काढले. एके दिवशी फॉस्फरसची कांडी खाली पडून डब्याला आग लागली आणि प्रयोगशाळेची गाडीतून उचलबांगडी झाली. याच काळात त्याला ऐकू येणे कमी होऊ लागले. पुढे बहिरेपण वाढतच गेले. त्याने त्याचे रडगाणे गायले नाही. गोंगाट कानी पडत नसल्यामुळे चित्त कामावर एकाग्र होते, असेच तो मानी.

१८६२ साली एक प्रसंग घडला. एका स्थानकावर स्टेशनमास्तरांचे लहान मूल रुळांवर खेळत होते आणि एक डबा त्याच्या रोखाने घरंगळत येत होता. एडिसनने धाव घेऊन मुलाला उचलले. कृतज्ञ पित्याने या मुलाला तारायंत्राची विद्या शिकवली. तारायंत्र म्हणजे विजेच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठवण्याचे साधन. त्या काळी वीजघरे नव्हती. तारायंत्राला लागणारी सारी वीज काचेच्या भांड्यांत ठेवलेल्या रासायनिक घटांतून येई. अशा रीतीने पंधरा वर्षांच्या या मुलाची बॅटरीशी गाठ पडली.

ही ओळख सुरुवातीला त्याला महागात पडली. तारमास्तर म्हणून तो गावोगाव फिरत होता. १८६७ साली लुईव्हिल शहरात तो मुद्दाम रात्रपाळी मागून घेई, कारण काम कमी असले म्हणजे प्रयोगाला सवड मिळे. एका रात्री बॅटरीवर प्रयोग करीत असता गंधकाम्ल त्याच्या हातून जमिनीवर सांडले. लाकडी तक्तपोशीच्या फटींतून ते झिरपले आणि खालच्या मजल्यावर वरिष्ठांच्या मेजावर टपकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नोकरी गेली.

पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि त्याचे दिवस पालटले. शेअरबाजाराचे भाव छापणारे यंत्र सुधारून त्याने चांगला पैसा मिळवला. १८७६ साली मेन्लो पार्क येथे त्याने प्रयोगशाळा उभारली. येथे अनेक कारागीर व जाणकार एकत्र बसून एकाच प्रश्नावर काम करीत. संशोधनाची ही रीतच नवी होती. १८७७ साली येथे बोलणारे यंत्र, म्हणजे फोनोग्राफ जन्मास आला. १८७९ साली विजेचा टिकाऊ दिवा तयार झाला, आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरील वीजघरातून घराघरांत वीज वाहू लागली. १८८७ साली वेस्ट ऑरेंज येथे त्याने याहून मोठी प्रयोगशाळा बांधली. सर्व मिळून अमेरिकेत त्याच्या नावावर १,०९३ पेटंटांची नोंद आहे.

एवढा मोठा माणूसही चुकत असे. वीज दूरवर नेण्यासाठी उलटसुलट वाहणारा प्रवाह अधिक सोयीचा आहे, हे मान्य करण्यास तो फार काळ तयार नव्हता. त्या वादात शेवटी त्याचा पराभव झाला. नंतर डोंगरातील हलक्या प्रतीच्या दगडापासून लोखंडाचा अंश वेगळा काढण्याच्या कारखान्यात त्याने आपली बहुतेक पुंजी ओतली. इतरत्र उत्तम खनिजाच्या खाणी सापडल्या, लोखंड स्वस्त झाले आणि हा कारखाना बंद करावा लागला. त्या वेळी त्याचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. दुसरा एखादा माणूस निवृत्त झाला असता. एडिसनने मात्र याच वेळी बॅटरीचा प्रश्न हाती घेतला.

त्या काळी अमेरिकेच्या रस्त्यांवर तीन जातींच्या मोटारी धावत होत्या. काही वाफेवर चालत, काही पेट्रोलवर, तर काही विजेवर. विजेची मोटार सर्वांत शांत. तिला धूर नाही, की हाताने दांडा फिरवून ती सुरू करण्याचे कष्ट नाहीत. तिचे सारे दुखणे तिच्या बॅटरीत होते.

बॅटरीच्या पेटीत वीज पाण्याप्रमाणे भरून ठेवलेली नसते. बॅटरी भरताना बाहेरून आलेली वीज आतील पदार्थांत रासायनिक बदल घडवून आणते. बॅटरी वापरताना तोच बदल उलट दिशेने होतो आणि वीज परत मिळते. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली होती. तिच्यात शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवलेले असतात. ही बॅटरी उपयुक्त खरी. पण तिच्यात तीन दोष होते. शिसे अतिशय जड. गंधकाम्ल जवळच्या वस्तूंना खाऊन टाकणारे. तिसरा दोष सर्वांत विचित्र होता: तिला नुसते ठेवून दिले तरी ती बिघडे.

तिवसा येथील शेतकऱ्याच्या कोठ्यातील कोडे येथे उलगडते. कोणतीही बॅटरी वापरात नसली तरी आतल्या आत हळूहळू रिकामी होत असते. शिशाच्या बॅटरीतील वीज उतरली, की पत्र्यांवर शिसे व गंधकाम्ल यांपासून झालेल्या पांढरट क्षाराचा थर बसतो. बॅटरी लगेच भरली तर हा क्षार विरघळून पुन्हा कामाला लागतो. पण ती तशीच महिनोन्महिने रिकामी पडून राहिली, तर क्षाराचे कण मोठे व कठीण होतात. मग कितीही वीज दिली तरी ते पुरते विरघळत नाहीत. माणसाने भाकरी खाऊन भांडे तसेच सोडावे आणि उरलेले पीठ वाळून दगड व्हावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून शिशाची बॅटरी श्रमाने झिजते, तशीच आळसानेही मरते.

एडिसनने ठरवले, की शिसे आणि गंधकाम्ल या दोहोंनाही रजा द्यावयाची. हलकी, मजबूत, धक्के सोसणारी आणि निष्काळजी माणसाच्या हातीही न मरणारी बॅटरी त्याला हवी होती. आम्लाच्या ऐवजी त्याने पोटॅशचे दाहक क्षारयुक्त पाणी निवडले, आणि त्यात चालतील अशा धातूंचा शोध आरंभला. १८९९ च्या सुमारास सुरू झालेले हे काम संपता संपेना. एक धातू घ्यावा, त्याचे पूड करावी, ती घटात भरावी, वीज देऊन पाहावी, मोजमाप वहीत लिहावे आणि दुसरा धातू घ्यावा. असे हजारो प्रयोग झाले. एका सहकाऱ्याला इतक्या श्रमांचे काहीच फळ न मिळाल्याचे पाहून खेद वाटला आणि त्याने तो बोलून दाखवला. एडिसनला तो खेद पटला नाही. कोणत्या हजारो गोष्टी निरुपयोगी आहेत हे आता निश्चित कळले, हेच त्याच्या मते मोठे फळ होते. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी विजेच्या दिव्याच्या संदर्भात सांगितली जाते. परंतु त्या सहकाऱ्याने ती बॅटरीच्या प्रयोगांविषयी सांगितली आहे.

अखेर लोखंड आणि निकेल या दोन धातूंची जोडी जमली. याच सुमारास स्वीडन देशात वाल्डेमार युंगनर हा शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता; एकाच प्रश्नाचे उत्तर दोन देशांत दोघांना सापडावे, असे विज्ञानात पुष्कळदा घडते. एडिसनने कारखाना उभारला. नव्या बॅटऱ्या बाजारात आल्या आणि वाहनांत बसल्या. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. वर्षानुवर्षांच्या श्रमांचे चीज झाले, असे सर्वांस वाटले.

पण लवकरच तक्रारी येऊ लागल्या. काही बॅटऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होते. काहींची शक्ती थोड्याच दिवसांत उतरत होती. एडिसनपुढे मोठा पेच उभा राहिला. मागणी भरपूर होती. बॅटरीत दोष असला तरी ती घ्यावयास लोक तयार होते. कारखाना चालू ठेवला असता तर पैसा मिळत राहिला असता. कारखाना थांबवला, तर गुंतवलेला पैसा अडकून पडणार आणि जगासमोर हसे होणार होते. लोखंडाच्या कारखान्यात तो आधीच पोळला होता.

एडिसनने कारखाना थांबवला. विकलेल्या सदोष बॅटऱ्या त्याने परत घेतल्या. ज्या वस्तूवर आपले नाव आहे ती वस्तू आपल्यालाच पसंत नसेल, तर ती लोकांच्या गळ्यात बांधणे त्याला मान्य नव्हते. नावलौकिक वर्षानुवर्षांच्या कष्टांनी जमतो. तो असा विकून टाकावयाचा नसतो, हे त्याला उमगले होते. १९०४ च्या अखेरीस तो पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिला. त्याचे वय तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते.

यानंतरची पाच वर्षे विलक्षण चिकाटीची होती. दोष शोधता शोधता त्याला कळले, की निकेलच्या भुकटीतून वीज सुखाने वाहावी म्हणून मिसळलेला पदार्थ हळूहळू कुचकामी होतो. त्याच्या जागी त्याने शुद्ध निकेलचे, कागदाहून कितीतरी पातळ असे कण तयार केले. तांब्याचा पातळ थर, त्यावर निकेलचा थर, पुन्हा तांबे, पुन्हा निकेल असे पुट चढवायचे आणि मग तांबे विरघळवून टाकायचे. म्हणजे निकेलचे पापुद्रे मोकळे होत. बारीक छिद्रे असलेल्या पोलादी नळ्यांत निकेलची भुकटी आणि हे पापुद्रे यांचे शेकडो थर एकावर एक दाबून भरत. पेटीही निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली. मग सुरू झाली परीक्षा. बॅटऱ्या गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवरून पळवल्या. यंत्रांवर त्यांना अखंड आदळआपट सोसावी लागली. काही तर इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पाहिल्या. जी बॅटरी या साऱ्यांतून टिकली, तीच १९०९ साली लोकांसमोर आली.

ही बॅटरी खरोखर दणकट होती. तीही वापरात नसताना हळूहळू रिकामी होई. पण रिकामी पडून राहिल्याने तिचे कायमचे नुकसान होत नसे. कित्येक महिन्यांनी तिला पुन्हा वीज द्यावी आणि तिने पुन्हा उठून कामाला लागावे! अशा काही बॅटऱ्यांनी अनेक दशके सेवा केली.

तथापि ज्या मोटारींसाठी हा सारा खटाटोप केला, त्यांनीच त्याला दगा दिला. १९०८ साली एडिसनचा मित्र हेन्री फोर्ड याने पेट्रोलची स्वस्त मोटार बाजारात आणली. १९१२ साली बटण दाबताच पेट्रोलचे यंत्र सुरू करणारी विजेची सोय निघाली. दांडा फिरवण्याचे कष्ट संपले आणि विजेच्या मोटारी मागे पडल्या. गंमत अशी, की पेट्रोलची मोटार सुरू करण्यासाठी क्षणभर जो जोराचा प्रवाह लागतो, तो देण्याचे काम शिशाची जुनी बॅटरी अधिक चांगले करी. एडिसनची बॅटरी कडक थंडीत तर फारच मंद होई. दहा वर्षांनी तो इच्छित स्थळी पोहोचला आणि पाहतो तो वाटच दुसरीकडे वळलेली!

मात्र चांगले केलेले काम वाया जात नाही. त्याला दुसरे धनी मिळतात. आगगाड्यांतील दिवे, रेल्वेचे सिग्नल, खाणीत उतरणाऱ्या कामगारांच्या टोपीवरील दिवे, माल पोहोचवणाऱ्या विजेच्या गाड्या आणि वीजघरापासून दूर असलेली घरे या साऱ्यांना ही बॅटरी उपयोगी पडली. या व्यवसायाने एडिसनची आर्थिक घडी पुन्हा बसवली. एक दुःखद घटनाही सांगितली पाहिजे. भरताना व रिकामी होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. १५ जानेवारी १९१६ रोजी अमेरिकेच्या ई-२ या पाणबुडीत तो साचून स्फोट झाला आणि काही माणसे मृत्युमुखी पडली. विजेची शिदोरी बांधताना हवा खेळती ठेवावी लागते, हा धडा त्यातून जगाला मिळाला.

तत्पूर्वी, ९ डिसेंबर १९१४ च्या संध्याकाळी, वेस्ट ऑरेंज येथील कारखान्याला भयंकर आग लागून अनेक इमारती भस्मसात झाल्या होत्या. सदुसष्ट वर्षांच्या एडिसनने लागलीच ढिगारा उपसण्यास व कारखाना पुन्हा उभारण्यास प्रारंभ केला.

उतारवयात त्याला एक नवा छंद लागला. हेन्री फोर्ड, टायरचे कारखानदार हार्वे फायरस्टोन आणि निसर्गप्रेमी वृद्ध लेखक जॉन बरोज यांच्यासह तो उन्हाळ्यात मोटारींतून रानावनांत भटकावयास जाई. बरोबर सामानाचा व स्वयंपाकाचा ट्रक असे. सायंकाळी ओढ्याकाठी तंबू ठोकले जात. भोवती घोर अरण्य, जवळ ना गाव ना विजेची तार. पण अंधार पडताच तंबूतंबूतून विजेचे दिवे उजळत. ही वीज एडिसनने बरोबर आणलेल्या बॅटऱ्यांतून येई. चाकांवरून नेता येणारे घर आणि त्याच्याबरोबर प्रवास करणारी वीज, यांचे एक आरंभीचे रूप त्या रानात दिसत होते.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी एडिसनने जगाचा निरोप घेतला. तीन दिवसांनी, रात्री ठरलेल्या वेळी, अमेरिकेत ठिकठिकाणी लोकांनी क्षणभर दिवे मालवून त्याला आदरांजली वाहिली.

एक गोष्ट मात्र पाहण्यास तो हयात नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १९५४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील तीन संशोधकांनी सिलिकॉनपासून उन्हाची वीज करणारे पहिले उपयुक्त सौरपटल जगापुढे मांडले. निष्काळजीपणाने न मरणारी बॅटरी करण्यासाठी एडिसन झटला. सौरपटलाने दुसरी वाट दाखवली. बॅटरी नाजूक असली तरी चालेल, तिला रोज थोडे थोडे खाऊ घाला म्हणजे झाले.

आज परदेशांत, आणि आपल्या देशातही काही ठिकाणी, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटारघरे आहेत. प्रवासाचा हंगाम संपला, की ती कित्येक महिने एका जागी उभी राहतात. त्यांच्या छपरावर लहानसे सौरपटल बसवलेले असते. त्याची वीज फार थोडी; पण बॅटरी आतल्या आत जेवढी रिकामी होते, तेवढी ती रोज भरून काढते. मध्ये एक नियंत्रक असतो. बॅटरी पुरती भरली, की तो प्रवाह आवरतो, कारण अति भरल्यानेही बॅटरीला अपाय होतो. आणि रात्री बॅटरीतील वीज उलट सौरपटलाकडे जाऊ देत नाही. तिवसा येथील जाणत्या शेतकऱ्याच्या छपरावर सुगीनंतर चालते, ते हेच काम. पाटी मात्र धुळीने माखू देऊ नये, आणि तिच्यावर सावली पडू देऊ नये. नाहीतर उन्हातही बॅटरी उपाशी राहते.

एडिसनचे चरित्र पाहिले, की वाटते, त्याने स्वतःलाही असेच जपले. शाळा त्याला काही महिनेच लाभली. पण आईने लावलेल्या सवयीने तो रोज थोडे वाचीत राहिला, रोज थोडे करून पाहत राहिला. म्हणून अपयश आले, आग लागली, कान गेले, तरी त्याच्या बुद्धीची शिदोरी कधी सरली नाही. मोठ्या सुट्टीत पुस्तके कोपऱ्यात टाकून देणाऱ्याने कोठ्यातील त्या बॅटरीची आठवण ठेवावी. तिला फार काही नको होते. रोजचे थोडेसे ऊन पुरले असते.

स्वाध्याय

१. वापरात नसतानाही शिशाची बॅटरी कशी निकामी होते, ते सांगा.
२. १९०४ साली एडिसनपुढे कोणता पेच उभा राहिला? त्याने घेतलेला निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? कारणे द्या.
३. ज्यासाठी बॅटरी तयार केली ते काम तिला मिळाले नाही, तरी एडिसनचे श्रम व्यर्थ का गेले नाहीत?
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शिदोरी, उचलबांगडी, खटाटोप, श्रमांचे चीज होणे.
५. तुमच्या गावात सौरपटलावर चालणारे एखादे साधन पाहा. त्याची निगा कशी राखतात, ते विचारून दहा ओळी लिहा.